हो म्हणून बसलाय आणि आता नाही म्हणायचंय? मग हे वाचा

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात तीन गोष्टी एकदमच अंगावर येतात, द्राक्षाची तोडणी, लग्नाच्या याद्या आणि पतसंस्थांची मार्चअखेरची वसुली. तिन्हीकडं एक माणूस हमखास सापडतो जो दिवाळीत चारचौघांत हो म्हणालेला असतो आणि आता त्याला नाही म्हणायचं असतं. मग हा गडी काय करतो तर फोन उचलायचा बंद करतो. लास्ट सीन बंद, घरी गेलं तर "ते कोल्हापूरला गेल्यात", आणि समोरचा मात्र त्याच्या शब्दावर तसाच बसून.

मी मार्केट यार्डात अडत दुकानात हिशोब लिहायला असतो, त्यामुळं शब्द फिरवणारे आणि त्या शब्दापायी अडकलेले असे दोन्हीकडचे लोक बघायला मिळतात, आणि नात्यात कुणाचं जमलेलं मोडलं की "तू जरा बोल की" म्हणून मलाच पुढं करतात. वकील नाहीये मी. कायदा जिथं लागतो तिथं सांगतो पण लाखाचा मामला असेल तर वकिलाला विचाराच. इथं मुख्य मुद्दा रीतीचा आहे, म्हंजे शब्द मागं घ्यायचाच असेल तर तो कसा घ्यायचा आणि त्याचं काय भरायचं.

आधी बघा तुमचा "हो" कसला होता

लोक इथंच घोळ घालतात. एक हो असतो आपल्या स्वतःबद्दलचा, म्हंजे आपलं अंग, आपलं लग्न, आपला फोटो, आपली माहिती. ही झाली संमती. आणि दुसरा हो असतो काम, माल, पैसा, जागा, सही यातला, ज्यावर समोरच्यानं पुढची पावलं टाकलेली असतात. हा झाला शब्द. संमती कधीही काढून घेता येते आणि त्यासाठी कुणापुढं कारण मांडत बसायची गरज नाही. शब्दाचं तसं नाही, तिथं तुम्ही फिरू शकता, कुणी तुम्हाला बांधून ठेवत नाही, पण तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्याचं जे गेलं ते तुमच्या अंगावर येतं.

आपल्याकडं नेमकं उलटं चालतं बघा. पोरगी लग्नाला नाही म्हणाली तर तिला दहा जण कारण विचारणार आणि नुकसानभरपाई मागणार, आणि व्यापारी द्राक्षाच्या सौद्यातून पळाला तर "धंद्यात चालायचंच".

संमतीचं काढून घेणं कायद्यानंसुद्धा मानलेलं आहे. परस्पर संमतीनं घटस्फोटाचं घ्या, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली नवरा-बायको मिळून अर्ज करतात, मग साधारण ६ ते १८ महिन्यांच्या मधे परत कोर्टापुढं जाऊन सांगायचं असतं, आणि त्या काळात एकानं जरी सांगितलं की माझी संमती आता राहिली नाही तर त्या अर्जावर घटस्फोट मिळत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९१ मधेच हे स्पष्ट केलंय. आता यातली रीत सांगतो, संमती काढलीत तर काढा, हक्क आहे तुमचा, पण त्या संमतीच्या बोलीवर आधी पैसे, दागिने, फ्लॅट असलं काही घेतलेलं असेल तर ते ठेवून घेऊन नाही म्हणायचं नाही. आधी परत करा, मग ताठ मानेनं नाही म्हणा.

मिरजेत दवाखान्यांची रांग आहे, तिथं हा प्रकार रोजचा. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली म्हंजे आता सुटका नाही असं लोकांना वाटतं, आणि नातेवाईकच म्हणतात "आता सही झालीय, गप जा आत". तसं नसतं. भूल द्यायच्या आधीपर्यंत पेशंट नको म्हणू शकतो. आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, २००८ च्या एका केसमधे तपासणीसाठी दुर्बिणीची संमती दिलेल्या बाईचं गर्भाशयच काढलं होतं, बाहेर बसलेल्या आईला विचारून, आणि सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, जीवाला धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिला विचारायला हवं होतं, आईची संमती चालणार नाही.

सगळ्यात अवघड केस म्हंजे किडनी. भाऊ आजारी, घरात बैठक, सगळे तुमच्याकडं बघतायत आणि तुम्ही म्हणून गेला "मी देतो की". मग टेस्ट, मग रात्री झोप नाही. इथं तुम्ही नाही म्हणू शकता, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा. घरच्यांपुढं तोंड उघडत नसेल तर डॉक्टरांना किंवा दवाखान्यातल्या समुपदेशकाला एकटं भेटून सांगा, देणाऱ्यानं मनापासून तयार असावं ही त्यांचीही अटच असते. पैशाची भरपाई वगैरे काही लागत नाही, शरीराच्या हो-नाहीला रेट नसतो. फक्त उशीर करू नका, कारण तुमच्या हो वर घरच्यांनी दुसरा दाता शोधायचं थांबवलेलं असतं. तुमचं नाही म्हणणं चुकीचं नाही, पण तीन महिने माहिती असून गप्प बसणं हे मात्र चुकीचं, आणि त्याचा जाब भावानं विचारला तर ऐकून घ्यायला लागेल.

संमतीलासुद्धा कधीकधी मुदत असते. मूल दत्तक जावं म्हणून बाल कल्याण समितीपुढं कागद केलेल्या आईला बाल न्याय कायदा फेरविचाराला २ महिने देतो. नंतर नाही. का, तर त्या बाळाचं पुढं दुसरं घर ठरायला लागतं, एका तिसऱ्याच जीवाचं आयुष्य त्या हो वर उभं राहतं. म्हणून स्वतःबद्दलचा हो असला तरी त्यावर तिसऱ्या कुणाचं किती उभं राहिलंय हे बघायचंच.

आणि एक मला पटलेली गोष्ट, २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आहे ना, त्यात लिहिलंय की संमती जेवढ्या सहज दिली तेवढ्याच सहज मागं घेता आली पाहिजे. हे ऍपवाल्या कंपन्यांसाठी लिहिलंय पण घरोघरी लावा की. रील टाकायला "हो टाक" एवढंच म्हणालेली मैत्रीण दुसऱ्या दिवशी "काढ" म्हणाली तर काढायचा. "आता काय त्यात, एवढे लाईक आल्यात" असलं सांगायचं नाही.

साखरपुडा झालाय, आता?

यात दोन्ही प्रकार एकात एक अडकलेले असतात म्हणून भांडणं होतात. सोडवून बघा. लग्नाला हो म्हणणं ही संमती, अक्षता पडेपर्यंत मुलगा काय मुलगी काय, नाही म्हणू शकतात, आणि "आता पत्रिका छापल्यात" हे लग्न करायचं कारण होऊ शकत नाही. पण कार्यालयाचं बुकिंग, आचाऱ्याला दिलेला ऍडव्हान्स, बस्ता, पत्रिका, हा सगळा शब्दावर झालेला खर्च.

आमच्याकडं चार घरांत बसून मी जी रीत लावतो ती अशी. ज्यानं मोडलं त्यानं समोरच्या घराचा जो खर्च आता कुठूनच परत येत नाही तेवढा द्यायचा. कार्यालयवाल्यानं अर्धे परत दिले तर राहिलेले अर्धे. साड्या दुकानदार बदलून घेत असेल तर त्या यात धरायच्या नाहीत. अंगठी, दागिने, जे ज्यानं घातलं ते त्याला परत, न मागता, आणि शक्यतो मधल्या माणसाच्या समोर मोजून. मात्र समोरच्यांनी काही लपवलेलं निघालं, आधीचं लग्न, मोठं कर्ज, आजार, किंवा याद्या झाल्यावर गाडीची मागणी सुरू झाली, तर मोडणाऱ्यानं एक रुपया द्यायचा नाही. हुंडा मागणं हाच १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळं त्या कारणानं मोडणाऱ्याकडं भरपाई मागायला तोंड लागतं.

आणि "आमची अब्रू गेली, पाच लाख द्या" याला मी सरळ खंडणी म्हणतो. अब्रूचं बिल नसतं. गावजेवण घालतो पण पोरीनं नांदायला यायचं असलं काही बैठकीत निघालं तर मधल्या माणसानं उठून यावं.

अजून एक नाजूक विषय यातच येतो. लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले आणि मग नाही म्हणाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली, लग्न करायचा इरादाच नसताना तसं वचन देऊन संबंध ठेवले तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि २०१९ मधे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं फरक सांगितलाय, वचन पहिल्या दिवसापासूनच खोटं होतं ही एक गोष्ट आणि खरं वचन नंतर पाळता आलं नाही ही वेगळी गोष्ट. कोर्टाबाहेरही हा फरक लय कामाचा आहे. ज्यानं सुरुवातीलाच मनात ठरवलं होतं की आपण करणारच नाही, त्यानं शब्द मोडला असं म्हणणं म्हंजे त्याच्यावर मेहेरबानी आहे, त्यानं समोरच्याचा हो च फसवून घेतलाय. तीन बागा ठरवून त्यातली एकच उचलायची असं ठरवून आलेला व्यापारी याच जातीतला.

द्राक्षाचा सौदा, म्हंजे शब्दाची खरी किंमत

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथं आकडे स्पष्ट दिसतात आणि एकदा हे कळलं की बाकीच्या शब्दांना पण हीच पट्टी लावता येते.

व्यापारी बागेत आला, माल बघितला, म्हणाला "चार किलोच्या पेटीला २०० नं घेतो". शेतकरी म्हणाला संध्याकाळी सांगतो. तोपर्यंत व्यापारी मोकळा आहे, संध्याकाळच्या आत फोन करून "जमणार नाही" म्हणाला तर काही देणं लागत नाही. १८७२ चा करार कायदा पण हेच म्हणतो, समोरच्यानं स्वीकारल्याचं कळवायच्या आत प्रस्ताव मागं घेता येतो, नंतर नाही. शेतकऱ्यानं हो सांगितलं, इसार म्हंजे आगाऊ रक्कम घेतली, तोडणीची तारीख ठरली, आता तो शब्द झाला. त्यानंतर शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्यांना बागेत येऊ देत नाही, हेच ते शब्दावर पाऊल टाकणं.

समजा २००० पेट्या निघणार होत्या, इसार २५ हजार. तोडणीच्या आदल्या दिवशी दर पडला आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. शेतकऱ्यानं धावपळ करून १६० नं माल काढला. फरक ४० चा, म्हंजे ८० हजार. इसार वजा जाता ५५ हजार व्यापाऱ्याच्या अंगावर आहेत. इथं बहुतेक व्यापारी म्हणतात "माझा इसार बुडाला की, विषय संपला". कसा संपला? इसार म्हंजे शब्द मोडायचं तिकीट नव्हे.

आता तोच व्यापारी आठ दिवस आधी आला असता आणि म्हणाला असता की दादा माझ्याच्यानं होत नाही, दुसरं गिऱ्हाईक बघा, तर १९० नं माल गेला असता, फरक २० हजार, इसारातच भागलं असतं आणि वर पाच हजार परत द्यायची पाळी शेतकऱ्यावर आली असती. शब्द तोच, मोडणारा तोच, फक्त आठ दिवस लवकर सांगितलं. या सगळ्या लेखात एवढाच हिशोब लक्षात राहिला तरी चालेल मला.

शेतकऱ्याकडं पण बघा. व्यापारी पळाला म्हणून रागानं माल वेलीवरच ठेवला, पाऊस आला, मणी तडकले आणि मग पूर्ण चार लाख व्यापाऱ्याकडं मागितले, असं चालत नाही. नुकसान कमी करायला जे करणं शक्य होतं ते करायला पाहिजे, बेदाणा शेडवाल्याला विचारायचं, कमी दरानं का होईना काढायचा, करार कायद्याच्या कलम ७३ मधेही हे धरलंय. आणि लांबचं नुकसान जोडायचं नाही, की या पैशात मी ट्रॅक्टर घेणार होतो, बुकिंग गेलं, त्याचे पण द्या. ते त्याला सौदा करताना सांगितलं होतं का? नसेल तर नाही.

शेतकरी फिरतो तेव्हा पण पट्टी हीच. २०० नं ठरवून २२० वाला आला की रातोरात माल काढून देणारे पण आहेतच आपल्यात, आणि मग "इसार परत केला की" म्हणतात. व्यापाऱ्यानं गाडी सांगितलेली, लेबर आणलेलं, त्याचं काय? उसाचं तेच, नोंद एका कारखान्याला आणि टोळी दुसऱ्याची आधी आली की ऊस तिकडं. याला मात्र माझ्या मनात थोडी सूट आहे, कारण ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा हा नियम असून तो किती पाळला जातो हे शेतकऱ्याला माहिती आहे. आधी समोरच्यानं मोडलं असेल तर तुमचं बंधन ढिलं होतं. पण नोंद आहे त्यांना आधी कळवा तरी.

नैसर्गिक आपत्तीचं वेगळं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमधे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्या आठवड्यातला माल पोचला नाही म्हणून कुणी कुणाला बोल लावला नाही आणि लावूही नये. पण त्याच पुराचं नाव सांगून दिवाळीपर्यंत पैसे फिरवणारे पण त्या वर्षी बघितले, ते यात येत नाहीत.

जामीन राहिलाय का?

मेव्हण्यानं फोन केला, "दाजी फक्त सही पाहिजे, हप्ते मी भरणार", आणि तुम्ही हो म्हणाला. आता झोप येत नाही. तर असं करा.

सही केली नसेल तर आजच नाही म्हणा, यापेक्षा स्वस्त वेळ परत येणार नाही. सही झालीय पण कर्ज अजून उचललं नाही, तर त्याच दिवशी पतसंस्थेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी मॅनेजरला सांगून यायचं नाही. पैसे उचलले गेले असतील तर मात्र संमती काढली वगैरे बोलायला अर्थ नाही. करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, आणि पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेऊन तुमच्यापर्यंत येऊ शकते, आधी कर्जदाराचं घर विका मग माझ्याकडं या असं म्हणून भागत नाही. सुटायचा रस्ता एकच, संस्थेला मान्य होईल असा दुसरा जामीनदार आणून कागद बदलून घेणं. कॅश क्रेडिटसारखं, म्हंजे पैसे उचलत-भरत राहायचं कर्जखातं असेल तर थोडी वाट आहे, कलम १३० नुसार पुढच्या व्यवहारांपुरता जामीन नोटीस देऊन काढून घेता येतो, आत्तापर्यंत जे उचललंय त्याला तुम्ही बांधीलच.

भरायला लागलंच तर भरलेल्या प्रत्येक पावतीची प्रत ठेवा, ते पैसे मेव्हण्याकडून वसूल करायचा तुमचा हक्क कायद्यात आहे. बायकोकडं बघून तुम्ही वसूल करणार नाही हे मला माहिती आहे, पण पावत्या ठेवा.

ज्याला हो म्हणायला भाग पाडलं तो हो

बहिणीच्या हक्कसोडीवर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वडील गेल्यावर दहाव्याला नाहीतर वर्षश्राद्धाला सगळे जमतात आणि भाऊ म्हणतो, ताई तुला काय पाहिजे गं, तुझं तर चांगलं चाललंय. ताई म्हणते नको मला काही, माहेर राहू दे एवढं. झालं, भाऊ म्हणतो बहिणीनं शब्द दिला. सहा महिन्यांनी निबंधक कार्यालयात जायची वेळ आली की ताई म्हणते मी सही करणार नाही, आणि मग "फिरली, नवऱ्यानं शिकवलं".

मला इथं ताई फिरली असं वाटतच नाही. माहेर तुटायच्या भीतीनं, रडत्या आईसमोर, कागद न बघता म्हटलेलं "नको मला" याला मोकळेपणानं दिलेला शब्द कसं म्हणायचं? मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मुलाएवढा झालाय आणि ऑगस्ट २०२० मधे सुप्रीम कोर्टानं तो जन्मानंच मिळतो हे पक्कं केलंय, तिला हे कुणी त्या दिवशी सांगितलं होतं का? हक्कसोडपत्र नोंदणी झाल्याशिवाय पक्कं होत नाही, तोपर्यंत ती नाही म्हणू शकते आणि म्हणावं. नोंदणी झाली की मग एकटीनं जाऊन रद्द करता येत नाही, फसवून घेतलं असेल तर कोर्टात सिद्ध करायला लागतं, म्हणून विचार जो करायचा तो सहीच्या आधी.

पण ताईलापण एक सांगतो. तुमच्या "नको" वर भावानं जर त्या जमिनीत विहीर काढली, बाग लावली, कर्ज केलं, आणि तुम्हाला हे दिसत होतं, तर जमिनीचा वाटा घ्या पण त्या खर्चाचा हिशोब समजून घ्या. वाटा हक्काचा आहे, विहीर त्याच्या पैशाची आहे.

थोडक्यात स्वतःला विचारा, मी हो म्हणालो तेव्हा नाही म्हणायला खरंच जागा होती का, सगळी माहिती होती का. दोन्हीला उत्तर "नाही" असेल तर त्या हो चं ओझं तुमच्या डोक्यावर नाही. फक्त हे उत्तर सोयीचं म्हणून शोधू नका, द्राक्षाच्या सौद्यात तुम्हाला कुणी डांबून ठेवलं नव्हतं.

आणि मोकळा हो देताना पण सीमा ठेवा. दशरथानं खूश होऊन कैकेयीला दोन वर देऊन टाकले, काय मागायचं आणि कधी मागायचं काही ठरलं नाही, आणि ते कधी मागितले गेले ते सगळ्यांना माहिती आहे. "काय पण लागलं तर सांग भावा" हे त्यातलंच.

सांगायचं कसं

स्वतः सांगायचं. मध्यस्थाच्या तोंडून नाही, बायकोच्या मोबाईलवरून नाही. पैशाचं किंवा लग्नाचं असेल तर आधी फोन किंवा भेट, आणि लगेच मागनं मेसेज म्हंजे नोंद राहते. पहिल्याच वाक्यात नाही आलं पाहिजे. तब्येत, पाऊस, पेट्रोलचे दर यावरून फिरून येऊ नका, समोरचा तेवढ्यात आशा धरून बसतो. "बघू", "थोडं थांबा", "जमवतो काहीतरी" हे शब्द तर वापरूच नका, याच्याइतकं नुकसान सरळ नकारानं होत नाही.

खोटं कारण देऊ नका. "घरचे नाही म्हणतायत" हे सगळ्यात आवडतं कारण, आणि मग समोरचा तुमच्या घरच्यांना समजवायला पेढे घेऊन येतो. कारण सांगायचं नसेल तर सांगू नका. संमतीच्या गोष्टीत कारण लागतच नाही, शब्दाच्या गोष्टीत एका ओळीचं खरं कारण द्यावं असं मला वाटतं, पण खोट्यापेक्षा न दिलेलं परवडलं.

व्यापाऱ्यानं पाठवायचा मेसेज असा असू शकतो: "दादा, तुमच्या बागेचा २०० नं केलेला सौदा मला पाळता येणार नाही. पुढच्या पार्टीकडून पैसे अडकलेत. तुम्ही आजपासून दुसऱ्याला माल दाखवा, दोघांचे नंबर पाठवतोय. दरात फरक पडला तर इसार सोडून वरचा मी देणार, तोडणी झाली की यार्डात बसून हिशोब करू."

लग्नाचा: "काका, मी स्वतः फोन केला होता, परत लिहून कळवतोय. हे लग्न मी करणार नाही. तुमच्या मुलीचं यात काही चुकलेलं नाही आणि तसं मी कुठं बोलणारही नाही. कार्यालयाचा आणि पत्रिकांचा जो खर्च परत मिळणार नाही तो आम्ही देऊ. अंगठी रविवारी मामांच्या समोर आणून देतो." बघा, यात माफीचे दहा ओळी नाहीत. माफी एकदा मागा, मनापासून, आणि मग कामाचं बोला. सारखं "माझंच चुकलं, मी लय वाईट आहे" म्हणत बसलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढायला लागते, ज्याचं नुकसान झालंय त्याच्यावर हे पण काम टाकायचं होय?

भरायला पैसे नसतील तर तसं सांगा आणि हप्ते ठरवा. नवीन शब्द देताना मात्र जपून, मोडलेल्या शब्दाची भरपाई म्हणून दिलेला शब्द परत मोडला की मग गावात कुणी तुमच्या बाजूनं बोलायला उभं राहत नाही, आणि खरं सांगायचं तर राहू पण नये.

तुमच्यावर कुणी फिरलं तर

शरीराचा, लग्नाचा, प्रेमाचा नकार असेल तर ऐकायचं आणि थांबायचं. "पण तू तर म्हणाली होतीस" हे वाक्य तिथं चालत नाही, कितीही वेळा आधी हो म्हणालेलं असलं तरी. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं, तिच्या ऑफिसात फोन करणं, हे केलंत तर कालपर्यंत तुमचं जे काही बरोबर होतं ते पण गेलं.

सौद्याचा, पैशाचा शब्द मोडला असेल तर शिव्या द्यायच्या आधी नुकसान थांबवायला पळा, दुसरा गिऱ्हाईक, दुसरं कार्यालय, जे असेल ते. मग एका कागदावर खरे आकडे लिहा, फुगवून नाही, कारण फुगवलेला एक आकडा सापडला की समोरचा बाकीचे खरे पण नाकारतो. मधे एक माणूस बसवा जो दोघांचाही लागत नाही. त्यानं भागलं नाही तर वकिलाकडून नोटीस, पोच मिळेल अशा पोस्टानं.

आणि यंदाचा सौदा करताना इसाराच्या पावतीवर नुसती रक्कम लिहून मोकळं होऊ नका. दर, अंदाजे पेट्या, तोडणीची तारीख आणि फिरायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं आणि काय द्यायचं हे पण लिहा. दंडाचा आकडा वाजवी ठेवा, पावतीवर दहा लाख लिहिले म्हणून दहा लाख मिळत नाहीत, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या आत योग्य तेवढीच भरपाई देतं. पावती करायचा कंटाळा असेल तर हेच सगळं व्हॉट्सऍपवर टाका, पण समोरच्याकडून "मान्य आहे" असं टाईप करून घ्या, नुसत्या अंगठ्यावर जाऊ नका.